गाडी ओढत नाही

खानदेशात जुन्या जीपची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: गाडी ओढत नाही. साक्रीकडचा गाडीवाला अहिराणीत ‘गाडी वढस नही भो’ म्हणेल, जळगावचा ‘पिकअप गेलाय’ म्हणेल. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला जाताना यातले काही जाणवत नाही. रस्ता सपाट, गाडी सत्तर-ऐंशीने बरी पळते. चाळीसगाव मागे पडून कन्नडचा घाट लागला की खरा प्रकार कळतो. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, आणि पाय तळाला टेकलेला असूनही काटा चाळिसाच्या वर जात नाही. २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहने या घाटातून बंद झाली, तेव्हापासून ‘पुढे ट्रक होता’ ही सबबही फारशी उरलेली नाही.

मग गाडी गॅरेजला जाते आणि बोनेट उघडायच्या आतच निदान होते. ‘टर्बो गेला.’ किंवा ‘चारही इंजेक्टर काढावे लागतील.’ निदान बरोबर असूही शकते. पण डिझेल इंजिनाची खोड अशी की दीड हजाराचा फाटलेला होज पाइप आणि लाखाचे इंजिन काम, दोन्हींचे लक्षण ड्रायव्हरच्या सीटवरून एकच दिसते. म्हणून कोणता भाग महाग आहे हा प्रश्न नंतरचा. कोणती तपासणी स्वस्त आहे, ते आधी विचारायचे. तपासणीला लागणारे पाचशे रुपये वाचवायला गेलेली माणसे पन्नास हजारांचे भाग बदलून पुन्हा त्याच घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना दिसतात.

पहिला प्रश्न गाडीलाच विचारू. तिच्यात मुळात ताकद होती किती? २०१० साली आलेल्या थारचे दोन अवतार होते. सीआरडीई म्हणजे २,४९८ सीसीची, १०५ अश्वशक्तीची. आणि डीआय, साधारण ६३ अश्वशक्तीची. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी. त्याआधीच्या एमएम ५४० चे प्यूजो घराण्यातले इंजिनही त्याच साठीच्या घरातले. २०२० च्या नव्या डिझेल थारला १३० अश्वशक्ती आहे. डीआयवाला नव्या थारच्या मागे घाट चढतो, मागे पडतो आणि गॅरेज गाठतो. त्याच्या गाडीला काहीही झालेले नसते.

दुसरा प्रश्न महिना कोणता, हा. एक लिटर डिझेल पुरते जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते, आणि खानदेशात हवा बारा महिने सारखी नसते. जानेवारीच्या पहाटेचे पंधरा अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे पंचेचाळीस अंश यांत हवेची घनता दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. सिलिंडरमध्ये जागा तेवढीच, हवा मात्र कमी. त्यात एसी चालू. शहाद्याहून सातपायरी घाटाने तोरणमाळला निघालात तर समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर गेल्यावर आणखी दहा-बारा टक्के हवा विरळ होते. टर्बो यातला बराच खड्डा भरून काढतो; बिनटर्बोची ५४० मात्र सगळा सोसते. तेव्हा दिवाळीत बरी ओढणारी गाडी मे महिन्यात सुस्त वाटली तर आठ दिवस थांबून एकदा पहाटे त्याच चढावर नेऊन पाहावी. फुकटची तपासणी आहे.

फोर बाय फोरची स्वतःची काही दुखणी आहेत आणि ती इंजिनात नसतात. सगळ्यांत मोठे दुखणे हौसेचे. जुन्या थारला कंपनीचा टायर २३५/७० आर १६, म्हणजे व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. त्याजागी एकतीस इंची टायर चढवला की व्यास ७८७ होतो. चाक सात टक्क्यांनी मोठे, म्हणजे प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी लांब. इंजिन तेच, पण घाटात त्याला वरच्या गिअरमध्ये अडकल्यासारखे राबावे लागते. वर लोखंडी बंपर, कॅरिअर आणि मागे दोन जेरी कॅन. स्पीडोमीटरही सात टक्के कमी दाखवतो, त्यामुळे गाडी आहे त्याहून मंद वाटते. हा आजार कोणत्याही स्कॅनरवर दिसत नाही.

दुसरे दुखणे चाकांच्या अडकण्याचे. वीसेक किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्यावी आणि चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्यावा. लगेच टेकवू नये, भाजतो. तीन चाके कोमट आणि एक तापलेले असेल तर त्या चाकाचा कॅलिपर किंवा बेअरिंग जाम आहे. चिखलातून निघाल्यावर ट्रान्स्फर केसचा दांडा फोर-हायमध्येच राहिला, किंवा दांडा टूवर आला पण आतला काटा आला नाही, तरी डांबरी रस्त्यावर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि गाडी जड जाते. वळणावर स्टिअरिंग घट्ट होऊन गाडी ठेचकाळत वळत असेल तर हीच शंका आधी घ्यावी.

मग क्लच. घाटात हाफ क्लचवर उभी राहणारी गाडी क्लच प्लेट लवकर खाते. सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला एकदम पाय दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तिथेच राहिली, तर ताकद तयार होते आहे, चाकापर्यंत पोहोचत नाही. त्या गाडीचे इंजेक्टर काढणे म्हणजे मालकाच्या खिशावर दरोडा.

एवढे सगळे ठीक निघाले तर मग इंजिन. डिझेलला ठिणगी नसते. दाबाने हवा पाचशे अंशांच्या पुढे तापवायची आणि तीत बारीक फवाऱ्याने डिझेल सोडायचे, एवढाच खेळ. हवा, डिझेल आणि दाब या तिघांपैकी एक कमी पडला की गाडी ओढत नाही. कोण कमी पडले ते पहिल्यांदा सायलेन्सर सांगतो. चढावर काळा धूर म्हणजे डिझेल येते आहे, हवा पुरत नाही. ओढतही नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच कमी येते आहे, किंवा काँप्युटरने हात आखडता घेतला आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. नियम म्हणून एवढा पुरे. अपवाद आहेत, पण सुरुवात इथून होते.

खानदेशात काळा धूर जास्त दिसतो आणि त्याचे कारण धूळ. जुन्या जीपला ट्रॅक्टरसारखा ऑइलचा एअर क्लीनर असायचा. भांड्यातल्या ऑइलमध्ये धूळ बसायची, ते ओतून नवीन भरले की झाले. रावेर-यावलचा केळी बागायतदार हे काम स्वतः करायचा. पुढे कागदी फिल्टर आला आणि पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून तो साफ करायची सवय लागली. त्या जोराने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि शेतरस्त्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. चार-पाचशे वाचवून लायनर झिजवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

फिल्टरच्या पुढे टर्बो, टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिन, असा हवेचा जाडजूड रबरी पाइपांचा रस्ता असतो. दहा-बारा वर्षांच्या टर्बो गाडीत मी सगळ्यांत आधी इथे पाहीन. पाइप वरून धडधाकट दिसतो. त्याची क्लिप सैल करून, पाइप काढून, हाताने उलटा वाकवावा लागतो. तेव्हा घडीच्या आत, इंजिनाच्या बाजूला, बोटभर चीर उघडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते. टर्बोने दाब दिला की ओठासारखी उघडते आणि दाबलेली हवा बाहेर निसटते. मोजून आत घेतलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून काळा धूर, आणि चढावर बोनेटखालून फुस्स असा आवाज. चिरेभोवती ऑइलमिश्रित काळा चिकटा जमलेला असतो, खूण तीच. पाइपचे एक टोक बंद करून थोडी हवा भरायची आणि वरून साबणाचे पाणी सोडायचे, की बुडबुडे जागा दाखवतात. पंक्चरवाला ट्यूबला जे करतो तेच.

या पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला की ‘टर्बो ऑइल टाकतोय, बदला’ असा निकाल लागतो. थोडे ऑइल असणे स्वाभाविक आहे. इंजिनाची वाफ त्याच वाटेने जाते. टर्बोचा निकाल त्याच्या दांड्यावर लावायचा. तोंडाचा पाइप काढून पात्याचा नट चिमटीत धरावा. बाजूला अगदी किंचित हलणे चालते, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे हलला, किंवा पाती घराला घासल्याची चकाकी दिसली, तर मात्र टर्बो गेला. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी ही वस्तू ऑइल न मिळाल्याने मरते. घाट चढून ढाब्यावर आल्या-आल्या चावी फिरवायची सवय, किंवा ऑइलच्या बारीक नळीत धरलेला कार्बन. ती नळी न बदलता नवा टर्बो बसवला तर तोही फार दिवस टिकत नाही. तीस-चाळीस हजार दोनदा जातात.

आता डिझेलची बाजू. ‘रिकामी गाडी पळते, भरल्यावर मरते, पाच मिनिटे उभी केली की पुन्हा चालते’ अशी तक्रार असेल तर फिल्टर, टाकीतली जाळी किंवा नळी कुठेतरी तुंबली आहे. कमी मागणीला डिझेल पुरते, जास्त मागणीला पुरत नाही. लग्नसराईपुरती बाहेर काढायची आणि एरवी अर्ध्या टाकीवर शेडमध्ये उभी ठेवायची, अशी जीप गावोगाव आहे. तिच्या टाकीत पावसाळ्यात दव धरते, तळाला पाणी आणि गाळ बसतो. तपासणी सोपी. स्वच्छ डिझेलचा डबा बोनेटपाशी बांधून नळी थेट फिल्टरला द्यायची आणि चढावर एक फेरी मारायची. गाडी सुधारली तर दोष मागे टाकीकडे आहे. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली तर जुन्या रबराच्या भेगेतून ओढली जाणारी हवाही बुडबुड्यांनी दिसते.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत नोझल आणि पंपाचे काम करणारी माणसे खानदेशात अजून आहेत, आणि त्यातही धुळ्यात. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा रस्ता असे तीन महामार्ग जिथे एकत्र येतात, त्या गावात ट्रकने पोसलेला पंपवाला, रेडिएटरवाला आणि लेथवाला टिकणारच. या दुकानांत अजून ‘मायकोचे नोझल’ मागतात. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, नाशिकचा मायको सर्कल मात्र मायको सर्कलच राहिला. मेकॅनिकल पंपाबद्दल एकच सावधगिरी: पंप काढून बसवल्यानंतर ताकद गेली असेल तर पंप खराब नाही, टायमिंग चुकले आहे. ज्याने बसवला त्याच्याकडेच परत जावे.

कॉमन रेल गाड्यांत दाब हजार बारच्या वर जातो आणि इथे अंदाजाला जागा नाही. स्कॅनर लावला की पी ००८७ असा कोड येतो. अर्थ, रेलमधला दाब कमी पडला. बरीच गॅरेजे इथून थेट पंपाच्या किमतीवर येतात. कोड लक्षण सांगतो, कोणता भाग गेला ते सांगत नाही. दाब कमी पडायला तुंबलेला फिल्टर पुरतो, दाब सोडणारी झडप पुरते, आणि गळका इंजेक्टर तर हमखास पुरतो. इंजेक्टरची तपासणी पाहण्यासारखी असते. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर जादा डिझेल टाकीकडे परत नेणारी बारीक नळी असते. चारही नळ्या काढून त्याजागी सलाइनच्या नळ्या लावतात आणि त्या चार सारख्या बाटल्यांत सोडतात. इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटे पाहायचे. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल जमते आणि चौथी अर्ध्यावर येते. ज्याची बाटली भरली तो इंजेक्टर दाब गिळतो आहे. साहित्याचा खर्च औषधाच्या दुकानात भागतो. एक इंजेक्टर नवा घेतला तर दहा हजारांच्या पुढे जातो, त्यामुळे ‘चारही बदला’ म्हणणाऱ्याकडे आधी या चार बाटल्यांचा आग्रह धरावा. नवा बसवल्यावर त्याच्यावरचा कोड गाडीच्या काँप्युटरमध्ये भरावा लागतो, तेवढे विसरू नये.

कधी कधी यातले काहीच नसते. ईजीआरची झडप काजळीने उघडीच राहते आणि इंजिन स्वतःचाच धूर पिते. खडकावर आपटून सायलेन्सर आतून दबतो. एक फुटकी व्हॅक्यूम नळी, शंभर-दोनशे रुपयांची, टर्बोला कामच करू देत नाही.

शेवटचा आणि महागडा संशय दाबाचा. इंजिन गरम करून चालू ठेवावे, ऑइल भरायचे झाकण उघडून तिथेच उलटे ठेवावे. थोडे थरथरले तर ठीक. उडून पडले आणि तोंडातून वाफेचे भपके येऊ लागले, तर रिंगांवरून दाब खाली उतरतो आहे. मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’ म्हणतात. पण झाकणावरून इंजिन खोलू नये. गेज लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा आणि आकडे कागदावर लिहून मागावेत. चारही सारखेच थोडे खाली असतील तर इंजिन म्हातारे आहे, अजून चालेल. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर दोष तिथे आहे, आणि तो वाल्व्हचा असेल तर नुसते हेड उतरवून भागते. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वाल्व्ह किंवा गॅस्केट. हे दहा मिनिटांचे काम सांगते की खर्च पंधरा-वीस हजारांत आटपेल की लाखाच्या घरात जाईल.

एस्टिमेट घेताना तीन गोष्टी वेगळ्या लिहून घ्याव्यात: भाग, मजुरी आणि लेथचे काम. भाग कंपनीचा, दुसऱ्या चांगल्या मेकचा की दुरुस्त केलेला, हेही. गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. आधी बहुतेक भागांवर २८ होता, त्यामुळे जुन्या याद्या दाखवून लावलेले भाव तपासून पाहावेत. काढलेले भाग परत मागावेत. देणार नाही म्हणणाऱ्याने ते काढलेच नसण्याची शक्यता असते. बंद गाडीचे तयार इंजिन आणून बसवायचा सल्लाही मिळेल. स्वस्त पडतो, पण इंजिन नंबर आरसीत नोंदवून घेतला नाही तर पुढे आरटीओत आणि विम्याच्या दाव्यात अडचण होते.

पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या गाडीचा हिशेब वेगळा. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद, हा नियम दिल्लीच्या परिसराचा आहे. एमएच १८ आणि एमएच १९ वाल्यांनी तो मनावर घेऊन गाडी फुंकून टाकायचे कारण नाही. इथे फेरनोंदणी होते. चारचाकीला त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. शिवाय पर्यावरण कर. धूर जास्त असेल तर पीयूसीच मिळणार नाही, म्हणून इंजिनाची तपासणी फेरनोंदणीच्या आधी करावी.

लाखाचे काम करायचे की गाडी विकायची, हे ठरवताना मी इंजिनाआधी चेसिसखाली जाईन. खानदेशच्या कोरड्या हवेचा हा एक उपकार आहे. इथली धूळ इंजिन झिजवते, पण पत्रा खात नाही. वीस वर्षांच्या धुळे पासिंगच्या जीपची चेसिस अनेकदा ठणठणीत निघते आणि तिच्यावर इंजिन काम करणे परवडते. स्वस्तात मिळाली म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून आणलेल्या गाडीचे उलटे. इंजिन गोड वाजते आणि मागच्या स्प्रिंगच्या हँगरपाशी, रंगाच्या पापुद्र्याखाली, स्क्रूड्रायव्हर दाबला की आत जातो. तिथे तो आत गेला तर इंजिनावर रुपयाही घालू नये.